दोघांच्या भारतभ्रमणाला केवढी गाडी?

निवृत्तीनंतर घराला कुलूप लावायचं आणि सहा-आठ महिने देश हिंडायचा, हा बेत आता कोणाला जगावेगळा वाटत नाही. बहुतेक जोडपी सुरुवात घरच्याच गाडीने करतात. मागची सीट पाडायची, वर गादी टाकायची, डिकीत शेगडी आणि पाण्याचे कॅन ठेवायचे. पहिले पंधरा दिवस मजेत जातात. मग कुठेतरी पाऊस लागतो, दोघं चार तास काचा वर करून बसतात, कंबर बोलायला लागते आणि मोठ्या गाडीचा विषय निघतो.

विषय निघाला की सगळे लांबीबद्दल बोलतात. किती सीटर, किती फुटी, मागे बाथरूम बसेल का? माझ्या मते पहिला प्रश्न उंचीचा आहे. गाडीत ताठ उभं राहता येतं का? पॅन्ट चढवणं, साडी नेसणं, भांडी विसळणं, अंथरूण झटकणं ही सगळी कामं उभ्याने करायची असतात. पंचविशीत ती वाकून होतात, साठीत गुडघे आणि मणके हिशेब मागतात. लगेच दुसरा प्रश्न असा, की एक जण झोपलेला असताना दुसऱ्याला त्याला न उठवता चहा करता येतो का? या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असलेली सगळ्यात लहान गाडी शोधायची. त्यापुढची प्रत्येक फूट लांबी घाटात, गल्लीत आणि पार्किंगमध्ये रोज आडवी येते.

ही गोष्ट जगाला फार पूर्वी कळली आहे. जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये पलंग-कपाटाचा संच बसवायला सुरुवात केली. ती व्हॅन जेमतेम सव्वाचार मीटर लांब होती. लोक तीत महिनोन् महिने राहिले. पुढच्या काळात तिच्यात सगळ्यात लोकप्रिय झालेली सुधारणा होती वर उघडणारं छप्पर. लोकांना लांबीआधी डोक्यावर जागा हवी होती.

आपल्याकडे पर्याय काय? मारुती ईको ३.६७ मीटर लांब. स्वस्त, कुठेही शिरते, कुठेही दुरुस्त होते, पण आत बसूनच राहायचं. इनोव्हा क्रिस्टा ४.७३ मीटर लांब आणि बाहेरून मोजली तरी १.८० मीटरच उंच. आत उभं राहण्याचा प्रश्नच नाही. पण रात्री लॉजवर किंवा होमस्टेमध्ये झोपणार असाल आणि गाडी फक्त दिवसाची असेल, तर हा लेख इथेच सोडा आणि इनोव्हासारखी गाडी घ्या. तिच्यापेक्षा शहाणा पर्याय नाही. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारखे फोर-बाय-फोर पिकअप लडाख-स्पितीच्या वेड्यांसाठी छान. मागे कॅनपी लावून झोपता येतं, पण रांगत शिरावं लागतं आणि पुढच्या सीटवरून मागे जायला पावसात खाली उतरावं लागतं. मागे ओढायचा ट्रेलर दिसायला सुंदर असतो. तो रिव्हर्स घ्यायची वेळ येते, तोवर.

उरते ती टेम्पो ट्रॅव्हलर. आपल्याकडे यात्रा, लग्नाचं वऱ्हाड आणि अष्टविनायक जिच्यातून होतात तीच. ही गाडी आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची. १९५८ मध्ये फिरोदियांनी उभी केलेली ही कंपनी आधी बजाज टेम्पो होती. ‘टेम्पो’ हे नाव हँबर्गच्या कंपनीकडून आलं आणि आपण ते कुठल्याही मालवाहू गाडीला देऊन टाकलं. ट्रॅव्हलर १९८७ पासून रस्त्यावर आहे. त्यामुळे हायवेवरच्या कुठल्याही मेकॅनिकने तिच्याखाली कधी ना कधी पाठ टेकलेली असते. तिच्यात पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, चार मापांत मिळतो: ३०५०, ३३५०, ३७०० आणि ४०२० मिलिमीटर. कंपनीचीच २०२२ मध्ये आलेली अर्बेनिया अधिक आधुनिक आहे, चालवायला मोटारीसारखी आहे आणि महागही आहे. तिचं सगळ्यात मोठं मॉडेल जवळपास सात मीटर भरतं.

दोघांसाठी माझं मत ३३५० व्हीलबेसला. हाय-रूफ घेतली की सरासरी उंचीचा माणूस आत उभा राहतो. मागे कायमचा पलंग बसतो, मध्ये एका बाजूला ओटा आणि समोर दोघांना समोरासमोर बसायची जागा. कायमचा पलंग हे शब्द अधोरेखित करा. सोफ्याचा पलंग आणि पलंगाचा सोफा होण्याची करामत प्रदर्शनात लोकांना फार आवडते. रोज रात्री थकून आल्यावर उशा, फळ्या आणि गाद्या हलवायला लागल्या की आठवड्याभरात एक जण म्हणतो, राहू दे तसंच. मग सोफा कधीच परत येत नाही.

पलंग आडवा टाकायचा की उभा, हे आतली रुंदी मोजून ठरवा. मोजताना एक गोष्ट हमखास राहते. दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि वर प्लायवूड लागलं की मिळून दोन-तीन इंच जातात. आडव्या पलंगावर उंच माणसाचे पाय रात्रभर पत्र्याला टेकतात. उभा पलंग लांबी खातो, पण मधल्या बाजूचा माणूस दुसऱ्याला न ओलांडता उठू शकतो. रात्री दोनदा उठावं लागण्याच्या वयात ही चैन नव्हे.

लांबी का टाळायची, ते घाटात कळतं. व्हीलबेस वाढला की वळायला लागणारं वर्तुळ वाढतं. मागच्या चाकांमागे जो डबा लटकतो, तो स्टिअरिंग फिरवलं की उलट दिशेला झाडू मारतो. मनाली-लेह रस्त्यावर गाटा लूप्सची एकवीस वळणं एका दमात घेता आली नाहीत, तर प्रत्येक वळणावर पुढे-मागे करत बसायचं, खाली दरी आणि मागे ट्रकची रांग. पण त्यासाठी लडाखला जायलाच हवं असं नाही. वेंगुर्ला-गुहागरकडच्या वाडीत जांभ्याच्या दोन गडग्यांमधून जाताना समोरून एसटी आली की कळतं. गोव्यातल्या जुन्या गावांत चर्चमागचा रस्ता असाच असतो, वर फणसाच्या फांद्या आणि वायरी.

उंचीचीही किंमत मोजावी लागते. अशी गाडी मुळात अडीच मीटरच्या आसपास, त्यात टपावर एसी आणि सोलर पॅनेल चढलं की अजून वर जाते. मॉलचं किंवा हॉटेलचं तळघरातलं पार्किंग साधारण दोन-सव्वादोन मीटरचं, म्हणजे ते विसरा. काम पूर्ण झाल्यावर टपाच्या सगळ्यात उंच भागापासून जमिनीपर्यंत टेपने मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. रेल्वेच्या पुलाखाली शिरताना आठवून चालत नाही.

मोठ्या गाडीचा खरा फायदा मात्र जागेहून वजनाचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तेरा प्रवासी आणि त्यांचं सामान वाहायला बनवलेल्या गाडीत दोघंच बसणार असतील, तर पाऊण टनाच्या वर मोकळीक मिळते. ती कुठे जाते बघा. आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा एक प्लाय तीस-पस्तीस किलोचा. पलंग, ओटा, कपाटं मिळून असे चार-पाच सहज लागतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. २०० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी साठ किलोच्या वर, त्याच क्षमतेची लिथियम फॉस्फेट बॅटरी पंचवीसच्या आत. हेच सगळं इनोव्हात किंवा ईकोत कोंबलं की मागचं सस्पेन्शन बसतं, ब्रेक उशिरा लागतात. ट्रॅव्हलरचे मागचे पाटे भरलेल्या गाडीसाठी कडक असतात. रिकामी असताना ती मागे उडते, घरसामान भरलं की उलट शहाण्यासारखी चालते. फक्त पाण्याची टाकी मागच्या टोकाला लटकवू नका. ती दोन्ही एक्सलच्या मध्ये आणि जमिनीलगत हवी. काम झालं की वजनकाट्यावर पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा असा काटा करून घ्या.

आता विजेचा हिशेब. हा न करता जे एसी बसवतात, त्यांची रात्र दोन तासांत संपते. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास घेतो. बघा, किती वेळ पुरेल ते. टपावर ४०० वॉटचं पॅनेल असेल तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी दीड युनिट हाती लागतं. रोज दोन तास गाडी चालवली आणि इंजिनवरून ३० अँपिअरचा चार्जर बसवला असेल, तर आणखी पाऊण. या सव्वादोन युनिटमध्ये पन्नास लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज, दोन पंखे, दिवे, फोन आणि लॅपटॉप आरामात चालतात. इंडक्शन शेगडीने स्वयंपाक केला की तीच एकटी युनिटभर खाते. म्हणून माझ्या मते शेगडी गॅसची, पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवरची, आणि एसी फक्त जिथे पंधरा अँपिअरचा प्लग मिळेल तिथे. असा प्लग ढाब्यामागे किंवा लॉजच्या आवारात पैसे देऊन मिळतो. पण सोबत सॉकेट तपासणारा छोटा टेस्टर ठेवा. अर्थिंग नसलेल्या ठिकाणी एखाद्या उपकरणात बिघाड झाला तर सगळ्या पत्र्यात करंट उतरू शकतो, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दार उघडणारा माणूस तो खातो.

गॅसबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवायलाच हव्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वरच्या खिडकीतून जात नाही, खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट जमिनीकडे उघडणारं भोक हवं. आणि थंडीत ऊब म्हणून शेगडी किंवा कोळशाची सिगडी पेटवून दारं लावून झोपायचं नाही, कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म एसीच्या तुलनेत चिल्लर किमतीत मिळतो.

उकाड्यावर मात्र यंत्राने फार काही होत नाही. मे महिन्यात विदर्भात किंवा राजस्थानात पत्र्याचा डबा पत्र्याचा डबाच राहतो. उपाय कॅलेंडरमध्ये आहे. उन्हाळा डोंगरात काढायचा, थंडी कोकण, गोवा आणि दक्षिणेत. पावसाळ्यात लडाख-स्पितीकडे जायचं, कारण तो पर्जन्यछायेतला भाग आणि मनाली-लेह रस्ता तेव्हाच उघडा असतो. मनालीहून वर जाताना पूर्वी रोहतांगचा घाट चुकत नसे. ऑक्टोबर २०२० पासून ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याने ते काम सोपं केलं. पण पुढे बारालाचा ला आणि टांगलांग ला आहेतच, दुसरी ५,३०० मीटरच्या वर. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली येते. टर्बोचं इंजिन धकवून नेतं, पण दम लागल्यासारखं चालतं. तिथे चढावर ओव्हरटेकचा विचारही करू नका.

थंडीत डिझेलवाल्यांचा आणखी एक छळ म्हणजे बीएस-६ गाड्यांत घालावा लागणारा डेफ, ज्याला ड्रायव्हर नुसतं ‘युरिया’ म्हणतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी असतं, आणि उणे ११ अंशांना तो गोठतो. साधं डिझेलही कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं. म्हणून तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. दोघांच्या हौशी सहलीला त्या थंडीत तिकडे काही काम नाही. आणि एखादी जुनी बीएस-४ डिझेल गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणार असाल, तर हिवाळ्यात हवा बिघडली की दिल्लीत तिच्यावर बंदी येते हे धरून चाला.

संडासाचा विषय लाजत टाळू नये. सरकत्या टाकीचा कॅसेट टॉयलेट छोट्या गाडीतही बसतो, रात्रीपुरता फार उपयोगी. पण ती टाकी रिकामी करायची ठरलेली सोय आपल्याकडे जवळपास कुठेच नाही. शेवटी ती कुठल्यातरी संडासातच नेऊन ओतावी लागते. हे काम रोज कोण करणार, ते निघण्यापूर्वी ठरवा. शॉवरसाठी वेगळी खोली बांधण्यात मात्र मला अर्थ वाटत नाही. एका अंघोळीला पंधरा-वीस लिटर पाणी जातं आणि ती खोली उरलेला दिवस खराटा ठेवायला वापरली जाते.

रात्री गाडी कुठे लावायची, यावरही आकार ठरतो. केंद्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, महाराष्ट्राने आणि केरळनेही २०२१ मध्ये आपापली धोरणं जाहीर केली. तरी कॅरॅव्हॅन पार्क अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. प्रत्यक्षात रात्र जाते पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, गुरुद्वाराच्या किंवा भक्तनिवासाच्या आवारात, एखाद्या घरमालकाच्या अंगणात. इथे पांढऱ्या ट्रॅव्हलरचा एक गुण कामी येतो, तिच्याकडे कोणी बघत नाही. ती यात्रेची गाडी वाटते. बाहेर रंगीत नकाशे, झेंडे आणि स्वतःची नावं रंगवलेली गाडी मात्र गर्दी जमवते. पहाटे साडेपाचला काचेवर टकटक होते आणि कोणीतरी विचारतं, “आत टीव्ही आहे का?”

परवान्याची भीती अनेकांना असते, ती अनाठायी आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं वाहन हलक्या मोटार वाहनात मोडतं, म्हणजे मोटारीचा परवाना पुरतो. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीसाठी वेगळी नोंद लागते का हा जुना वादही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवला. त्या वजनापर्यंत लागत नाही. परवान्याची तारीख मात्र बघून ठेवा. पंचावन्नच्या पुढे तो पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो.

खरी गोम गाडीच्या कागदांत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. तेरा सीटची गाडी घेऊन त्यातल्या अकरा काढल्या आणि पलंग ठोकला, तर आरसीवर तेरा आणि गाडीत दोन अशी स्थिती होते. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठा धोका म्हणजे अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार मंजुरी असलेल्या बॉडी बिल्डरकडूनच काम करून घ्या आणि आरसीवर तशी नोंद करून घ्या. “पासिंगचं आम्ही बघून घेऊ,” असं तोंडी सांगणाऱ्या गॅरेजमधून चहा पिऊन बाहेर पडा.

पैशांचा हिशेब लोक डिझेलपासून सुरू करतात, आणि तिथेच गफलत होते. वर्षाला तीस हजार किलोमीटर धरू. इनोव्हा बाराचं आणि ट्रॅव्हलर दहाचं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं, तर फरक पडतो ५०० लिटरचा. नव्वद रुपये लिटरने पंचेचाळीस हजार, म्हणजे बऱ्यापैकी लॉजच्या पंचवीस-तीस रात्री. तेवढ्या रात्री गाडीत झोपलात की तो खर्च निघाला. न निघणारा खर्च मुद्दलाचा असतो. गाडी, तिच्यात बांधलेलं घर, कर आणि विमा. त्यात टोलची भर. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा फास्टॅग वार्षिक पास सुरू झाला, पण तो खासगी मोटार, जीप, व्हॅनसाठीच. तुमची गाडी मिनीबस म्हणून नोंदली गेली, तर तो तुम्हाला नाही. वर्षातून दोन महिनेच फिरणार असाल, तर आहे ती गाडी आणि चांगलं लॉज हेच स्वस्त पडेल. चार-पाच महिन्यांच्या वर जाणार असाल, तरच मोठ्या गाडीचं गणित बसायला लागतं.

एक अट मात्र मी कुठल्याही मापाच्या आधी घालेन. गाडी दोघांनाही चालवता आली पाहिजे. आपल्याकडे बहुतेक जोडप्यांत तो चालवतो आणि ती नकाशा बघते. लेहच्या वाटेवर सारचूला त्याला उंचीचा त्रास झाला, धाप लागली, तर खाली उतरवणं हाच पहिला उपचार असतो, आणि तेव्हा ड्रायव्हर शोधत बसायचं का? तिला जी गाडी घाटात रिव्हर्स घेता येत नाही, ती दोघांसाठी मोठीच आहे, भले आत झुंबर लटकवा.

म्हणून विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. तयार कॅरॅव्हॅन आता बऱ्याच शहरांत भाड्याने मिळतात. दहा दिवस न्या आणि मुद्दाम जुलैत न्या. घाट दोघांनीही चालवा, दोन रात्री पावसात आत काढा, एक रात्र विजेच्या प्लगशिवाय. परत आल्यावर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा, काय कमी होतं आणि काय उगाच होतं. आणि बॉडी बिल्डरला आगाऊ रक्कम देण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन गाडी कुठल्या वर्गात नोंदली जाईल, कर किती बसेल आणि पाटी पांढरी मिळेल की पिवळी, हे लेखी घ्या.